केनसाहेबांचा प्रश्न : गांजा, पार्लमेंट आणि वेड्यांची नोंदवही

२ मार्च १८९३ रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका खासदाराने भारतातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. बंगालमध्ये गांजाची लागवड आणि विक्री सरकारच्या परवान्याने चालते. या नशेचा तिथल्या लोकांच्या सामाजिक आणि नैतिक स्थितीवर काय परिणाम होतो, आणि ही लागवड व विक्री बंद करावी की काय, हे तपासायला भारतमंत्री आयोग नेमतील का, असा तो प्रश्न होता. सरकारने होकार दिला. त्या होकारातून पुढे सात खंडांचा आणि तीन हजारांहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला. गांजा या विषयावर एखाद्या सरकारने केलेली इतकी मोठी चौकशी त्याआधी जगात झाली नव्हती.

प्रश्न विचारणाऱ्या खासदाराचे नाव विल्यम स्प्रोस्टन केन. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव येत नाही. काँग्रेसच्या इतिहासात एखाद-दुसऱ्या ओळीत येते. अलीकडे अमली पदार्थांचा विषय रोज बातम्यांत असतो आणि मशिदीतल्या जुम्याच्या बयानातही तो अधूनमधून येतो. त्यामुळे गांजाच्या बाबतीत या माणसाचे काम नेमके काय होते आणि त्याच्या प्रश्नाला जे उत्तर मिळाले त्यातून आपण काय घ्यावे, हे एकदा नीट मांडून पाहावे असे वाटले.

आधीच स्पष्ट करतो. गांजा, चरस, भांग या तिन्हींना मी नशा मानतो, आणि नशा माझ्या दीनमध्ये हराम आहे. त्याबद्दल माझ्या मनात संभ्रम नाही. पण एखादी गोष्ट हराम असणे, ती हानिकारक असणे आणि तिच्यासाठी माणसाला तुरुंगात टाकणे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या चर्चेत या तिन्हींची नेहमी खिचडी होते. केनच्या गोष्टीत ते तिन्ही वेगळे दिसतात, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

हा केन कोण होता?

केनचा जन्म १८४२ सालचा, इंग्लंडच्या चेशर परगण्यातला. घरचा धंदा लिव्हरपूलला लोखंडाच्या व्यापाराचा. धर्माने तो बाप्टिस्ट, म्हणजे सरकारी चर्चच्या बाहेरच्या पंथाचा. तरुणपणापासून त्याने दारूबंदीच्या चळवळीला वाहून घेतले होते. १८८० साली तो लिबरल पक्षातर्फे स्कारबरोहून निवडून आला, पुढे बॅरोहून. १८९० मध्ये दारूच्या गुत्त्यांचे परवाने रद्द झाले तर मालकांना भरपाई द्यावी, असा प्रस्ताव त्याच्याच बाजूच्या सरकारने आणला. केनने निषेध म्हणून खासदारकी सोडली, स्वतंत्र उभा राहिला आणि पडला. आपल्या मतासाठी खुर्ची सोडणारे राजकारणी तेव्हाही थोडेच होते. १८९२ मध्ये तो पूर्व ब्रॅडफर्डमधून पुन्हा पार्लमेंटात आला. त्याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले होते.

भारताशी त्याचे नाते १८८७-८८ च्या प्रवासात जुळले. इथे त्याने पाहिले की इंग्रज सरकार अबकारीच्या नावाखाली दारूचे ठेके लिलावाने देते. ठेकेदार आपली रक्कम वसूल करायला जास्तीत जास्त दारू खपवतो आणि सरकारी तिजोरी भरते. जिथे हिंदू आणि मुसलमान दोघांचाही धर्म दारूला नकार देतो, त्या देशात एक ख्रिस्ती सरकार दारूवर पैसा कमावते, याची त्याला शरम वाटली. १८८८ मध्ये ‘अँग्लो-इंडियन टेम्परन्स असोसिएशन’ सुरू झाली. तो तिचा प्राण होता. तिचे ‘अबकारी’ नावाचे नियतकालिक निघे. गावोगावी सभा, जातपंचायतींचे ठराव, व्यसनमुक्तीच्या शपथा असे तिचे काम चाले. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसलाही केन हजर होता.

तर हा माणूस भारताचा शत्रू नव्हता, हे लक्षात ठेवायचे. तो भारताचा खरा मित्र होता, आणि या मित्राला गांजा बंद करून हवा होता.

प्रश्न कुठून आला?

त्या काळी इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळ जोरात होती. भारतातली अफू चीनला विकून साम्राज्य पैसा मिळवते, हा कलंक आहे, असे चळवळीचे म्हणणे होते. १८९३ मध्येच अफूसाठी वेगळा रॉयल कमिशन नेमला गेला. गांजाचा प्रश्न त्याच वाऱ्यावर आला. भारतातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी विधाने पार्लमेंटात आणि वर्तमानपत्रांत त्याआधीपासून होत होती. त्यांना आधार होता इस्पितळांच्या वार्षिक आकडेवारीचा. त्यात वेडाच्या कारणांचा एक तक्ता असे आणि त्या तक्त्यात गांजा फार वरच्या जागी असे.

केनचा युक्तिवाद साधा होता. ज्या वस्तूने माणसे वेडी होतात ती वस्तू सरकार स्वतः परवाना देऊन पिकवते, गोदामात ठेवते, तिच्यावर कर घेते. हे पाप आहे, ते बंद करा. राजशाही जिल्ह्यातला नौगावचा परिसर, जो आज बांगलादेशात आहे, तेव्हा बंगालच्या गांजाचे केंद्र होता. केनचा रोख तिकडे होता.

भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारला लिहिले. व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या सरकारने जुलैमध्ये ठराव केला आणि चौकशी फक्त बंगालपुरती न ठेवता सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू केली.

आयोगाचे काम

या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चे अध्यक्ष होते पंजाबचे डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत मुंबई इलाख्यातले कलेक्टर ओमॅनी, मध्य प्रांतातले फ्रेझर आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते. तीन हिंदी सदस्य होते : बंगालचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनाम सिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. यांतले हरनाम सिंग म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे वडील. मुसलमान सदस्य एकही नव्हता. गांजा-चरस ओढणाऱ्यांत फकिरांचे नाव वारंवार घेतले जात होते, तरीही आयोगात त्या समाजाचे कोणी नव्हते.

३ ऑगस्ट १८९३ ला कलकत्त्यात पहिली बैठक झाली. पुढचे वर्षभर आयोग ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत फिरला. एकूण १,१९३ साक्षीदारांनी उत्तरे दिली. त्यांत कलेक्टर, सिव्हिल सर्जन, वैद्य, हकीम, मिशनरी, जमीनदार, शेतकरी, ठेकेदार असे सगळे होते. सर्वांना एकच छापील प्रश्नावली दिलेली होती. तुम्ही जे सांगता ते स्वतः पाहिले की ऐकले, याची छाननी होत असे.

आयोगाने तीन वस्तू वेगळ्या ओळखल्या. भांग म्हणजे झाडाची पाने, वाटून प्यायची. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चिलमीतून ओढायचे. चरस म्हणजे झाडाचा चीक. तो तेव्हा यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात येई. तिन्हींची ताकद वेगळी, वापरणारे वेगळे, वेळ वेगळी. आज आपण ‘ड्रग्ज’ या एका शब्दात सगळे कोंबतो, त्यापेक्षा हे वर्गीकरण अधिक शहाणपणाचे होते.

आपल्या मुंबई इलाख्याचा भागही अहवालात बराच आहे. इथे गांजा मुख्यतः अहमदनगरकडे पिके आणि अबकारीचा कारभार १८७८ च्या कायद्याखाली चाले. मुंबईचे गॅझेटिअर ज्यांनी संपादित केले त्या जेम्स कॅम्पबेल यांचे भांगेच्या धार्मिक स्थानाबद्दलचे टिपण अहवालाला जोडलेले आहे. त्यात शंकराच्या पूजेतली भांग आहे, आणि काही मुसलमान फकीर भांगेचा संबंध हजरत खिज्र यांच्याशी जोडतात हेही आहे. आपल्यापैकी अनेकांना हे वाचून राग येईल. पण हे शरीयतचे मत म्हणून नोंदलेले नाही. तकियावर बसणाऱ्या मलंगांचा समज काय होता, याची ती नोंद आहे. लोक काय मानत होते हे लिहून ठेवणे आणि ते बरोबर होते असे म्हणणे, यात फरक असतो.

नोंदवहीतला रकाना

आता या प्रकरणातल्या मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो.

केनच्या प्रश्नाचा पाया वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी हा होता. आयोगाने ती आकडेवारी जशीच्या तशी घेतली नाही. त्याने विचारले की, ‘वेडाचे कारण’ हा रकाना भरतो कोण?

उत्तर असे निघाले. रस्त्यावर भटकणारा वेडा पोलिसांना सापडतो. पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. सोबत एक वर्णनपत्र भरावे लागते : नाव, जात, वय, वेडाचे कारण. माणूस स्वतः काही सांगू शकत नाही, नातेवाईक माहीत नाहीत. रकाना रिकामा सोडला तर वरून विचारणा येते. मग फौजदार लिहितो ‘गांजा’. अंगावर भगवे किंवा हिरवे कापड असेल, केस वाढलेले असतील, तर लिहायला आणखीच सोपे. तो कागद इस्पितळात जातो. तिथला अधीक्षक बहुधा सिव्हिल सर्जन असतो, मनोविकारांचे वेगळे शिक्षण त्याने घेतलेले नसते. तो तेच कारण आपल्या वहीत उतरवतो. वर्षअखेरीला सगळ्या वह्यांची बेरीज होते आणि तिचा तक्ता छापला जातो. तोच तक्ता लंडनला जातो आणि तिथे एक सज्जन खासदार तो वाचून व्यथित होतो.

आयोगाने १८९२ या एका वर्षातली, ‘गांजामुळे वेड’ अशी नोंद असलेली २२२ प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासायला लावली. गावात माणसे पाठवली, नातेवाइकांना विचारले. कोणी आयुष्यात गांजा ओढलेलाच नव्हता. कोणी आधी वेडा झाला आणि मग गांजेकसांच्या संगतीला लागला. कोणाच्या घराण्यातच वेड होते. तपासणीनंतर निम्म्याहून कमी प्रकरणांत गांजाला कारण म्हणता येईल असे उरले, आणि त्यांतही कित्येकांत दुसरी कारणे सोबत होती.

आम्ही शिक्षक हा रकाना चांगला ओळखतो. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण येते, त्यातही ‘कारण’ असा एक रकाना असतो. मुलगी दहावीआधी शाळा सोडते. घरात आजारी आई, लांबची शाळा, रस्त्यावरची छेडछाड, बापाची हातगाडी असे सगळे मिळून ते कारण घडलेले असते. पण वस्तीचे नाव वाचूनच वरचा माणूस म्हणतो, ‘‘लिहा, समाजात शिक्षणाची अनास्था.’’ एकदा ते लिहिले की तो आकडा होतो. आकड्याची बातमी होते, बातमीचे भाषण होते, आणि पाच वर्षांनी तेच भाषण पुरावा म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते. मुसलमान वाचकाला हा प्रवास समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच १८९४ चा हा अहवाल मला निव्वळ गांजाचा अहवाल वाटत नाही. एखाद्या माणसाच्या नावापुढे कारण कोण लिहितो, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष, आणि त्याबद्दलची शंका

ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याला अहवालावर सह्या झाल्या. निष्कर्ष थोडक्यात असे : बेताने घेणाऱ्याला शरीराची, मनाची किंवा नीतीची विशेष हानी होत नाही. ज्याची मानसिक प्रकृती मुळात नाजूक आहे त्याला धोका आहे. अतिसेवन निश्चित घातक आहे, पण अतिसेवन करणारे थोडे आहेत. सरसकट बंदी घातली तर धार्मिक असंतोष माजेल, चोरटा धंदा वाढेल आणि लोक दारू किंवा धोत्र्यासारख्या अधिक वाईट वस्तूंकडे वळतील. म्हणून बंदी नको. परवान्याशिवाय लागवड नको, दुकाने मोजकी, बाळगण्याची मर्यादा ठरलेली आणि कर इतका की खप वाढू नये. आज जगात ज्याला ‘नियमन’ म्हणतात, त्याचा हा जवळजवळ पूर्ण आराखडा होता.

मग केन खोटा ठरला आणि सरकार खरे ठरले, असे म्हणून मोकळे व्हायचे का? इतके सोपे नाही. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, म्हणजे राजा रॉय आणि लाला निहालचंद यांनी, बहुमताच्या अहवालाला आपले वेगळे मत जोडले. इथल्या माणसांना गांजाची हानी अधिक दिसत होती आणि करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांना कमी, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. सरकारला गांजातून महसूल मिळत होता. चौकशी करणारे बहुसंख्य सदस्य त्याच सरकारचे नोकर होते. साक्षीदारांतही अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. स्वतः गांजा ओढणाऱ्यांचा आवाज फार थोडा. आयोगाच्या सांगण्यावरून कलकत्त्यात कनिंगहॅम यांनी माकडांना गांजाच्या धुरात ठेवून प्रयोग केले. पण चिलीम ओढणाऱ्या मजुराच्या बायकोला घरात काय सोसावे लागते, ते माकड सांगू शकत नाही.

म्हणजे केनचे निदान बरेचसे चुकले होते, पण त्याचा संशय चुकलेला नव्हता. ज्या वस्तूवर सरकार कमावते, तिच्या हानीचा हिशेब सरकारने एकट्याने करू नये, हा त्याचा मुद्दा आजही टिकून आहे. आज ज्या देशांत गांजा कायदेशीर झाला आहे, तिथे कराच्या उत्पन्नाची कौतुके ऐकली की मला केन आठवतो.

आपल्या परंपरेतली हीच चर्चा

हा वाद इंग्रजांनी शोधला असे समजू नका. आपल्या फिकहमध्ये तो सहाशे वर्षे आधी झाला आहे. ‘हशीश’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नुसता वाळलेले गवत. तेराव्या शतकात इजिप्त आणि शाममध्ये ही नशा पसरली, तेव्हा फुकहांपुढे प्रश्न आला की कुरआनात जिचे नाव नाही, त्या वस्तूचा हुकूम काय?

इब्ने तैमिया यांनी तिला शराबच्या बरोबरीने धरले आणि शराबचीच सजा सांगितली. त्यांच्याआधी होऊन गेलेले मालिकी आलिम अल-कराफी (मृत्यू १२८५) यांनी मात्र बारकाई केली. माणसाला झिंग आणणारी वस्तू, गुंगी आणून झोपवणारी वस्तू आणि बुद्धी बिघडवणारी वस्तू असे तीन प्रकार त्यांनी पाडले. हशीश त्यांनी तिसऱ्यात ठेवली. निषिद्ध तीही, पण तिच्यासाठी शराबची ठरलेली हद नाही. परिस्थिती पाहून काजीने ताजीर द्यावी, असे त्यांचे मत. दोघेही आलिम, दोघेही नशेच्या विरोधात. फरक एवढाच की एकाने हुकमापासून सुरुवात केली आणि दुसऱ्याने वस्तू माणसाचे काय करते या निरीक्षणापासून.

सत्ताधाऱ्यांनी काय केले? मक्रीजी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की १३७८ च्या सुमारास अमीर सूदून शैखूनी याने कैरोत हशीशची झाडे उपटून जाळली आणि खाणाऱ्यांचे दात उपटवले. त्याच मक्रीजीने पुढे हेही लिहिले की काही दशकांत ही नशा पूर्वीपेक्षा उघडपणे चालू लागली. दात उपटल्याने तलब जात नाही.

आणि आपल्या शेजारचेच पाहायचे तर गोव्यातला पोर्तुगीज हकीम गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात भांगेचे प्रकरण आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा रात्री थोडी भांग घेऊन मनानेच देशोदेशी फिरून येतो, असे त्याने ऐकीव म्हणून नोंदवले आहे. नशा गरिबाच्या चिलमीतच असते असे नाही. सुलतान भांग घेतो तेव्हा तो किस्सा होतो आणि फकीर घेतो तेव्हा गुन्हा.

पुढे केनचे काय झाले?

अहवाल आला आणि गांजाबंदीची केनची मागणी मागे पडली. १८९५ च्या निवडणुकीत तो हरला. पण भारत त्याने सोडला नाही. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर तो दादाभाई आणि वेडरबर्न यांच्यासोबत बसला. याच कमिशनपुढे १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. कमिशनचे बहुमत सरकारच्या बाजूचे निघाले तेव्हा दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी वेगळा अहवाल दिला. १९०० मध्ये तो कॅम्बर्नहून पुन्हा खासदार झाला आणि मार्च १९०३ मध्ये वारला.

गांजापुरता हिशेब मांडायचा तर असा : त्याने बंदी मागितली आणि त्याच्या प्रश्नातून बंदीच्या विरोधातला सर्वांत मोठा दस्तऐवज निघाला. पण त्याने बंदीचा हुकूम मागण्याऐवजी चौकशी मागितली होती, हे त्याच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. बंदी मागणारे आजही पुष्कळ आहेत. आधी तपासा म्हणणारे कमी.

आणि आपले काय?

आयोगाची परवाना-कराची पद्धत भारतात पुढे अनेक दशके चालली. १९२५ च्या जिनिव्हा करारात हशीशचा समावेश झाला तो इजिप्तच्या प्रतिनिधीच्या आग्रहाने. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा-चरस कठोर नियंत्रणाखाली गेले, पण नुसती पाने वगळली गेली. वैद्यकीय वापराखेरीज बाकी वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीच्या शेवटी, १९८५ मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने एनडीपीएस कायदा आणला. त्यात गांजा आणि चरस गुन्हा झाले, पानांची भांग व्याख्येबाहेर राहिली. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची परवान्याची दुकाने दिसतात. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे वेगळे बंधन आहे. एकाच झाडाचे पान सणाला आणि शेंडा तुरुंगात, अशी ही वाटणी आहे.

आजच्या नियमांप्रमाणे एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ आणि वीस किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’ धरतात. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. अल्प प्रमाण बाळगले तर एक वर्षापर्यंत, नुसते ओढताना सापडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार होतो, त्याला अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. हे कलम आपल्या मोहल्ल्यांत किती बापांना ठाऊक आहे? पोरगा पुडीसह पकडला गेला की पहिली धावपळ ओळखीचा माणूस शोधण्याची असते. कायद्याने स्वतः उघडलेले दार कोणी दाखवत नाही.

२०१६ मध्ये पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी कायद्यात बदल सुचवणारे खासगी विधेयक तयार केले. गांजा-अफूसारख्या पारंपरिक नशा नियमनाखाली आणाव्यात, म्हणजे पोरे अधिक घातक रासायनिक नशांकडे जाणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा. ते डॉक्टर आहेत आणि पंजाबचे हाल त्यांनी पाहिले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत धोकादायक वस्तूंच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले. म्हणजे चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ती आपल्यापर्यंत येईल तेव्हा आपण काय म्हणणार?

मी एवढेच म्हणेन. व्याज, गीबत, वजनात मारलेले माप हेही हराम आहे. पण गीबतीसाठी आपण कोणाला पोलिसांच्या हवाली करत नाही. घरात, मदरशात, वर्गात नशेला नाही म्हणायला शिकवणे हे आपले काम आहे आणि ते कोणत्याही कायद्याने आपल्यावरून उतरत नाही. गर्द या एका शब्दाने मुंबईच्या वस्त्यांनी ऐंशीच्या दशकात काय भोगले ते आपण विसरलेलो नाही. माल विकून पोरांच्या जिवावर इमारती उभ्या करणाऱ्याबद्दल मला दया नाही. पण पहिल्यांदा पुडीसह सापडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तुरुंगात घालून आपण त्याची नशा सोडवतो की त्याला तिथल्या उस्तादांच्या हाती देतो, हे विचारण्याचा हक्क दीनदार माणसालाही आहे. विचारल्याने तो नशेचा तरफदार ठरत नाही.

केन नशेचा कट्टर शत्रू होता आणि तरी त्याने आधी चौकशी मागितली. चौकशी करणाऱ्यांनी वहीवर विश्वास न ठेवता माणसाच्या गावात जाऊन विचारले. आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराच्या नावापुढे उद्या कोणी एका शब्दात कारण लिहील, तेव्हा त्याच्या घरी जाऊन विचारणारे आपल्यातले चार जण तरी असावेत.